स्वप्नांची नॉर्मल रेंज

आमच्या घरी स्वप्नांचा निकाल सकाळच्या चहाआधी लागायचा. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात दोन खोल्या, त्यात आजी, आई, दादा म्हणजे आमचे वडील, आणि आम्ही तिघं भावंडं. कोणी डोळे चोळत "रात्री ना मला..." अशी सुरुवात केली की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला, "कितव्या प्रहरी?" पहिल्या झोपेतलं असेल तर ती पुढचं ऐकायचीसुद्धा नाही. पहाटेचं असेल तर मात्र पदर सावरून बसायची. साप दिसला की घरात पाळणा हलणार. दात पडला की कोणीतरी जाणार. लग्न दिसलं तर अशुभ, आणि स्वतःचं मरण दिसलं तर उलट आयुष्य वाढलं, म्हणून गूळ वाटायचा. वाईट स्वप्न माणसांना सांगायचं नाही, वाहत्या पाण्याला सांगायचं. आमच्या नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे वाईट स्वप्न कधीकधी चोवीस तास पोटात ठेवून शाळेत जावं लागे.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक काका बसायचे, त्यांना आमच्या स्वप्नांत आजीपेक्षाही जास्त रस. "बता बेटा, रात को क्या देखा?" हत्ती दिसला तर एक आकडा, तिरडी दिसली तर दुसरा. संध्याकाळी मुंबईहून कल्याण मटक्याचा आकडा फुटेपर्यंत ते आमच्याशी फार प्रेमाने वागत. एका स्वप्नाला संत्र्याची एक गोळी मिळायची. माझ्या धाकट्या भावाला त्या काळात रोज हत्ती दिसायचे.

दादा कापडगिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) होते. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे, पोहे-शेव खायचे आणि आमचं हे सत्र ऐकत ऐकत पांघरूण घ्यायचे. एकदा म्हणाले, "आई, जो माणूस झोपतोच दिवसा, त्याच्या स्वप्नांचं काय?" आजी म्हणाली, "त्याला काही फळ नसतं रे." दादा म्हणाले, "मग बरं," आणि कूस बदलली.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त, लघवी, थुंकी, स्लाइडी. या कामात एक खोड लागते. कुठलाही आकडा समोर आला की आधी शेजारची नॉर्मल रेंज बघायची आणि मग त्याच पेशंटचा मागचा रिपोर्ट. हिमोग्लोबिन ११ हे चांगलं की वाईट? मागच्या वेळी ७ असेल तर पेढे वाटा. मागच्या वेळी १५ असेल तर कुठेतरी रक्त जातंय, शोधा. नुसत्या ११ ला काही अर्थ नाही. आजीच्या यादीत माझा जीव कधी रमला नाही तो यामुळेच. साप म्हणजे साप, मग तो गारुड्याच्या पोराला दिसो नाहीतर बँकेतल्या कॅशियरला. कोणाला दिसला, त्याला एरवी काय दिसतं, हे कोणी विचारतच नाही.

पहाटेचा नियम मात्र अगदीच हवेत नव्हता. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की नावाच्या विद्यार्थ्याने आणि त्याचे गुरू नथॅनिएल क्लाइटमन यांनी झोपेतला एक वेगळाच टप्पा दाखवून दिला. असेरिन्स्कीने प्रयोगाला स्वतःच्या मुलालाच बसवलं होतं, आठ वर्षांच्या आर्मंडला. पोराच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवल्या, शेजारच्या खोलीत जुनं यंत्र सुरू केलं. मध्येच कागदावरच्या सुया इतक्या जोरात हलायला लागल्या की पोरगं जागं झालं असं वाटून बाप बघायला गेला. पोरगं गाढ झोपलेलं, बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतायत. यालाच पुढे रेम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणायला लागले. रात्रीत साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते. सुरुवातीच्या फेऱ्या जेमतेम काही मिनिटांच्या, पहाटेकडच्या अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून लांब. १९५७ साली क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी लोकांना मुद्दाम त्या टप्प्यात उठवून पाहिलं, तर पाचातल्या चार वेळा स्वप्न सांगितलं गेलं. (पुढे कळलं की बाकीच्या झोपेतही स्वप्नं पडतात, पण बहुतेक तुटक, फिकी.)

आता यात भर घाला की रेम झोपेत मेंदूतलं नॉरअ‍ॅड्रेनलिन हे रसायन जवळजवळ बंद असतं, त्यामुळे जे दिसतं ते आठवणीत पक्कं बसत नाही. ताबडतोब जाग आली तरच हाती लागतं. म्हणजे रात्री अकराच्या झोपेतलं स्वप्न सकाळपर्यंत विरून गेलेलं, आणि पहाटेचं लांबलचक, रंगीत स्वप्न थेट जागेपणी हातात. खरं-खोटं ताडून बघायला दुसरं उरतंच काय? दहा पहाटेची स्वप्नं आठवली, त्यातलं एक कशाशी तरी जुळलं, की नियम सिद्ध. न जुळलेली नऊ कोण मोजतं? माझ्या आजीने तर मोजली नव्हतीच.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी मोजायचा निदान विचार केला होता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत. दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, भोगलेलं, हवंहवंसं वाटलेलं आणि मनाने रचलेलं, अशी पहिली पाच. आणि ग्रंथ सरळ सांगतो की ही पाचही निष्फळ. दिवसाची निष्फळ, फार लांब निष्फळ, फार छोटी निष्फळ. दादांच्या प्रश्नाचं उत्तर आजीने बरोब्बर दिलं होतं म्हणायचं. मला कौतुक वाटतं ते या छाटणीचं. वैद्याकडे येणाऱ्या बहुतेक स्वप्नांना हा ग्रंथ घरी पाठवून देतो. उरतात दोन. भाविक, म्हणजे पुढे घडणारं दाखवणारं, त्याबद्दल मी गप्प बसते. आणि दोषज, म्हणजे शरीरातलं काही बिघडल्यामुळे पडणारं. ते लक्षात ठेवा, त्यावर मी येणारच आहे.

मग तुकोबांचं काय, असं आई लगेच विचारते. तिचा तो हुकमी एक्का. तुकोबांना गुरूंनी मंत्र दिला तो स्वप्नात, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. मी त्या मंत्राबद्दल आईशी कधी वाद घालत नाही, माझी ती पायरी नाही. पण त्याच अभंगातली एक गोष्ट मला फार आवडते. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा स्वप्नातच ते विसरून गेले. आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण, आणि त्यात तूप द्यायचं राहिलं ही चुटपूट! रचून सांगणारा माणूस हे तूप घालणार नाही. स्वप्नं अशीच असतात. काहीतरी राहून जातं, गाडी सुटते, चप्पल सापडत नाही, पेपर लिहायला बसावं तर विषयच दुसरा.

आणि हे नुसतं माझं मत नाही. केल्व्हिन हॉल नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आयुष्यभर लोकांची स्वप्नं जमवत होते, पन्नास हजारांच्या वर. १९६६ साली त्यांनी आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी एक पद्धत छापली. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींची एक हजार स्वप्नं, पाचशे मुलांची, पाचशे मुलींची. प्रत्येकात माणसं किती, ओळखीची किती, भांडणं किती, मदत किती, अडचणी किती, सगळं मोजून मांडलं. माझ्या भाषेत सांगायचं तर स्वप्नांची नॉर्मल रेंज! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅबमधल्या टेबलावर हात आपटला होता. या रेंजप्रमाणे अडचणी या नशीब फळफळण्यापेक्षा कितीतरी जास्त येतात आणि वाईट भावना चांगल्यांहून जास्त असतात. पुरुषांच्या स्वप्नात पुरुषच जास्त, बायकांच्या स्वप्नात दोन्ही सारखे. म्हणजे स्वप्नात गाडी चुकली म्हणून सकाळी तोंड पाडून बसायचं कारण नाही, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे. आणि एकाच माणसाची स्वप्नं वर्षानुवर्षं मोजली तर ती त्याच्या जागेपणीच्या काळज्यांशी, माणसांशी, धंद्याशी बरीच मिळतीजुळती निघतात. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपण त्यांच्या आधीपासून म्हणत आलोय, फक्त मोजलं त्यांनी.

दाताचं सांगायचं राहिलं. २०१८ साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी दात पडण्याच्या स्वप्नांचा माग काढला. मनाच्या त्रासाशी त्याचा धागा लागला नाही. लागला तो सकाळी उठल्यावर दाढा, हिरड्या, जबडा ताठरलेला वाटण्याशी. रात्री दात आवळून झोपणाऱ्याला दाताचं स्वप्न पडतं, इतकं साधं असू शकतं. आमच्या आजीला आयुष्यभर हिरड्यांचा त्रास होता आणि घरात दातांची स्वप्नं सगळ्यात जास्त तिलाच पडायची. तिच्या हयातीत नातेवाईकही बरेच गेले. मोठ्या गोतावळ्यात कोणी ना कोणी जातंच.

फ्रॉइडबद्दल लोक माझ्याकडून जास्त अपेक्षा करतात, पण माझं त्याच्याशी फारसं जमत नाही. त्याचं स्वप्नांवरचं पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये निघालं, वर छापलं १९००. पहिल्या सहाशे प्रती खपायला आठेक वर्षं लागली. स्वप्न बघणाऱ्यालाच विचारा की या वस्तूवरून तुला काय आठवतं, हा त्याचा आग्रह मला पटतो, त्यात निदान माणूस आहे. पण काठी, छत्री, बोगदा म्हणजे अमुकच अवयव, असं सुरू झालं की मला कोपऱ्यावरचे काका आणि त्यांचे आकडे आठवतात.

उलट टोकाचेही आहेत. १९७७ साली हार्वर्डच्या अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडलं की रेम झोपेत मेंदूच्या बुंध्यातून, ब्रेनस्टेममधून, आपोआप संदेश उसळतात आणि वरचा मेंदू त्यांना कशीबशी गोष्टीची झूल चढवतो. १९८३ साली डीएनएवाल्या फ्रान्सिस क्रिकने ग्रॅहम मिचिसनबरोबर आणखी पुढे जाऊन म्हटलं, स्वप्नं पडतात ती विसरण्यासाठी, मेंदूतल्या नको त्या जोडण्या पुसायला, म्हणून ती आठवत बसूच नका. फिनलंडचा आन्टी रेव्हॉन्सुओ म्हणतो, ही संकटाची रंगीत तालीम आहे. आपले पूर्वज वाघापासून पळायचा सराव झोपेत करायचे. सगळ्यांना पटणारं एकच उत्तर अजून नाही, आणि मला वाटतं एकच उत्तर असेलही कशाला? पोट फक्त भुकेसाठी दुखतं का?

यातलं मला स्वतःला पटलेलं आहे ते रॉबर्ट स्टिकगोल्डचं, २००० सालचं. त्याने लोकांना तासन्‌तास टेट्रिस हा वरून पडणाऱ्या विटा रचायचा व्हिडिओ गेम खेळायला लावलं. झोप लागताना बहुतेकांना त्या विटा पडताना दिसू लागल्या. यात पाच माणसं अशी होती की ज्यांची नवी आठवण टिकतच नव्हती. आपण खेळ खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, रोज नव्याने शिकवावं लागे. त्यातल्या तिघांनाही झोपताना वरून पडणारे आकार दिसले. मी वाचून थांबलेच. कारण पावसाळ्यात मलेरियाच्या स्लाइडींचा ढीग असतो तेव्हा मायक्रोस्कोप सोडून घरी आलं, डोळे मिटले, की लाल पेशींचं शेत माझ्यासमोर सरकत राहतं आणि मी झोपेतही अंगठीच्या आकाराचा तो परजीवी शोधत असते. स्वप्न हे दिवसाचं उरलेलं काम आहे याला मला दुसरा पुरावा नको.

शास्त्रज्ञांना स्वप्नात शोध लागतात म्हणून केकुले या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा साप लोक तोंडावर फेकतात. शेपूट तोंडात धरलेला साप दिसला आणि बेंझिनच्या रेणूची कडी सुचली, ही हकीकत केकुलेने सांगितली १८९० साली, शोधानंतर पंचवीस वर्षांनी, समारंभातल्या भाषणात. खरी मानू. पण तो माणूस वर्षानुवर्षं कार्बनशी झटत होता. साप मालवा मिलच्या चौकातल्या भाजीवाल्यालाही दिसत असेल, त्याला बेंझिन कुठून सुचणार?

आता दादा.

त्यांची गिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. मग कापड मार्केटात एका दुकानात वह्या लिहिल्या, आम्हाला शिकवलं, सुदामा नगरला घर झालं. गिरणीतले दिवस ते क्वचितच काढत. अनंत चतुर्दशीला मात्र राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे चित्ररथ, बघायला जायचेच. आमच्या गिरणीच्या झांकीतले दिवे वर्षानुवर्षं त्यांनी जोडले होते, आणि आजही कुठल्या झांकीत एखादी माळ विझलेली असली तर त्यांना आधी तीच दिसते.

साठी उलटल्यावर केव्हातरी ते झोपेत ओरडायला लागले. "धोटा उडाला! बाजूला हो!" म्हणत हात तोंडावर आडवा घ्यायचे, लाथ मारायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंड. चालत्या साच्यातून तो सुटून उडाला तर समोरच्याचा डोळा जायचा. दादांनी असं उडताना पाहिलेलं होतं. पहिल्यांदा आम्ही हसलो. मग आईच्या दंडावर काळंनिळं दिसलं. मग एका रात्री त्यांची मूठ कपाटावर बसली आणि बोटाच्या सांध्याला टाके पडले. समोरच्या भाभी सकाळी विचारायच्या, "काकीजी, काकाजी रात को फिर लड़ रहे थे क्या?"

घरात प्रत्येकाकडे अर्थ तयार होता. आईच्या मते गिरणीत त्यांचा जीव अडकलाय. मावशीने खजराण्याच्या गणपतीला उलटा स्वस्तिक काढून नवस बोलायला सांगितलं, तो आईने बोललाही. भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "नोकरी गेल्याचा धक्का मनात दाबून ठेवला होता, तो आता बाहेर येतोय." हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटत होतं. पण सगळे एकाच गोष्टीचा अर्थ लावत होते, स्वप्नात काय दिसतं याचा. गिरणी का? धोटा का?

मला माझी खोड आडवी आली. मागचा रिपोर्ट काय होता? गिरणी चालू असताना, रोज त्या साच्यांत उभं राहत असताना हा माणूस झोपेत कधी हलला नव्हता. गिरणी बंद झाली, घरात ताण होता, तेव्हाही नाही. मग वीसेक वर्षांनी, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर, आत्ताच का? मनाचा धक्का इतकी वर्षं रांगेत उभा राहतो का? बदल झाला होता तो स्वप्नात नव्हे, शरीरात. लोकांना कशाचीही स्वप्नं पडतात, पण ती पडून राहून बघतात. दादा उठून करत होते.

मी आईला नीट बघायला सांगितलं. हे व्हायचं ते जास्त करून तीनच्या पुढे. डोळे मिटलेले. हाक मारली की लगेच जाग यायची आणि काय दिसलं ते ओळीने सांगायचे. लहान मुलं झोपेत चालतात किंवा किंचाळतात ते याहून वेगळं. ते रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत होतं, आणि सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही.

मेंदूच्या डॉक्टरांनी दादांपेक्षा आईलाच जास्त प्रश्न विचारले. "यांना वास येतो का?" आई म्हणाली, "फोडणी करपली तरी यांना पत्ता नसतो, पण ते पहिल्यापासून बेफिकीरच." पोट साफ होतं का, अक्षर बदललंय का, चालताना हात हलतात का. मग एक रात्र तारा लावून झोपेची तपासणी. हनुवटीच्या स्नायूची रेघ रेम झोपेत सपाट व्हायला हवी, कारण त्या वेळी मेंदू अंगाचे स्नायू जवळजवळ सुन्न करून ठेवतो. डोळे आणि श्वास तेवढे चालू. दादांची रेघ सपाट नव्हती.

हे सुन्न करणारं बटण ब्रेनस्टेममध्ये असतं. फ्रान्समध्ये लियोंला मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तेवढाच भाग निकामी केला, तर मांजरं रेम झोपेतच उठून न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालायला लागली. माणसांतला हाच आजार १९८६ साली मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी नोंदवला. त्यांच्याकडे येणारे बरेचसे साठी-सत्तरीचे पुरुष होते, आणि गोष्ट बहुधा तीच, कोणीतरी हल्ला करतंय, मी बचाव करतोय. कोणी बायकोला वाचवायला म्हणून तिलाच मारतो. आयुष्यात कधी हात न उगारलेली माणसं.

आणि पुढचं, जे डॉक्टरांनी पंखा बंद करून, खुर्ची जवळ ओढून सांगितलं. या बटणाच्या आसपासच्या पेशी पार्किन्सनमध्ये सगळ्यात आधी बिघडणाऱ्यांपैकी असतात, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी. वास जाणं, बद्धकोष्ठ हेही त्याच वाटेवरचं. २०१९ साली जगातल्या २४ केंद्रांनी मिळून अशा १,२८० रुग्णांचा हिशेब छापला. दर वर्षी शंभरातले साधारण सहा जण पार्किन्सन किंवा त्याच्या जातीच्या स्मृतिभ्रंशाकडे सरकत होते, बारा वर्षांत जवळजवळ तीन चतुर्थांश. दादांचंही तसंच झालं, काही वर्षांनी. वहीतलं अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं, मग उजवा हात.

चरकातला सातवा प्रकार मला इथे आठवला. दोषज. त्या वैद्यांना ब्रेनस्टेम माहीत नव्हतं आणि त्यांची दोषांची कल्पना वेगळी होती, ती मी ओढूनताणून इथे बसवणार नाही. पण स्वप्नांच्या ढिगातून एक छोटा ढीग बाजूला काढून हा वैद्याच्या कामाचा आहे म्हणायचं, एवढी गोष्ट तेव्हाही बरोबर होती. दादांच्या स्वप्नाला अर्थ होताच, भक्कम अर्थ होता. तो धोट्यात शोधत बसलो असतो तर सापडला नसता. धोटा का, याचं उत्तर सोपं आहे. खालून मेंदू 'धोका' एवढंच ओरडत होता, आणि साचाखात्यात उमर काढलेल्या माणसाकडे धोक्याचं चित्र एकच होतं. वाणी असता तर दुकानात चोर शिरला असता.

झोपेत बडबडणाऱ्या प्रत्येकाने घाबरून डॉक्टरकडे पळायचं नाही. झोपेत बोलणं अगदी सर्रास असतं, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हात-पाय झाडणं सुरू होतं. पण पन्नाशी-साठीनंतर नव्याने, पहाटेकडे, मारामारी, आणि हाक मारल्यावर पूर्ण गोष्ट सांगता येते, असं असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जा. पेशंटला स्वतःला काहीच माहीत नसतं. आम्ही पलंग काढून गाद्या खाली घातल्या, काचेचं टेबल हलवलं, मध्ये लोडांची भिंत केली. मेलाटोनिन आणि क्लोनाझेपामची अगदी छोटी मात्रा रात्री. मूळ आजार त्याने थांबत नाही, मारामारी थांबते. मावशी अर्थातच ते खजराण्याच्या गणपतीच्या खात्यावर मांडते. आई नवस फेडून आली, मीही सोबत गेले, लाडू उत्तम होते.

एक गोष्ट मात्र अजून मला चकित करते. पार्किन्सनने दादांचा आवाज गेलाय. दिवसा ते बोलतात ते ओठांजवळ कान नेल्याशिवाय कळत नाही, शर्टाचं बटण लावायला पाव तास लागतो. आणि एखाद्या रात्री गोळी घ्यायची राहिली की तोच माणूस खणखणीत आवाजात "साचा बंद कर!" म्हणून ओरडतो आणि हात असा झपकन वर नेतो की थरथरीचा मागमूस नाही. मला वाटायचं हा आमचा भास. पण २००७ साली पॅरिसच्या एका चमूने अशा रुग्णांच्या झोपेच्या चित्रफिती तपासल्या, जोडीदारांना विचारलं. रेम झोपेतल्या हालचाली दिवसापेक्षा वेगवान, जोरकस, आवाज मोठा आणि स्पष्ट. बिघडलेला रस्ता स्वप्न कसा चुकवतं यावर त्यांचे अंदाज आहेत, मी ते दोनदा वाचलेत आणि मला ते पूर्ण कळलेले नाहीत.

दादांना हे मी सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग पुटपुटले. मी कान जवळ नेला. "मग रात्रपाळीच बरी होती," म्हणाले.

मागच्या वेळी डॉक्टरांकडे आईने स्वतःचा प्रश्न काढला. "डॉक्टरसाहेब, ही रात्रीची गोळी थोडी कमी नाही का होणार? दिवसभर यांचं एक अक्षर ऐकू येत नाही. रात्री निदान कळतं तरी काय म्हणतायत." डॉक्टर हसले, मात्रा तीच ठेवली, आणि आवाजाच्या व्यायामासाठी एका बाईंचा नंबर लिहून दिला. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. पहिल्या दिवशी त्यांनी दादांना जोरात म्हणायला एखादं आवडीचं वाक्य निवडायला सांगितलं, आणि आईने लोडाला टेकून आतूनच ओरडून सुचवलं, "धोटा उडाला म्हणायला लावा, ते चांगलं येतं त्यांना."